काँक्रीट वाळेपर्यंत

फोन आला तेव्हा भागाबाई मांडवाचे खांब रोवणाऱ्यांवर तोंड सोडून होती.

"त्यो खांब नळाच्या वाटंत कामून रोवलाव? बायका घागरी घेऊन कुठून जातील, तुमच्या डोक्यावरनं?"

खांब उपटला गेला, हातभर सरकला, पुन्हा रोवला गेला. चिंताकीत तिच्या धाकट्या भावाच्या, रत्नपालच्या घरापुढचं अंगण मोठं होतं, पण रविवारी येणारं माणूस त्याहून मोठं होतं, म्हणून शेजारच्या दोन घरांची अंगणंही मांडवात घेतली होती. भागाबाई मागे सरून मांडवाची रेघ डोळ्यांनी मोजत होती, तेवढ्यात आतून रत्नपालची सून दीपमाला फोन घेऊन धावत आली.

"आत्या, ताईचा फोन हाय. सगळ्यांना एकदम बोलव म्हणायल्यात."

पंचशीला ही रत्नपालची एकुलती लेक. आई गेली तेव्हा ती चौथीत होती. पुढं तिची वेणी घातली, डबा भरला, इंजिनिअरिंगला पाठवताना एस.टी.च्या खिडकीतून पदरानं डोळे पुसत हात हलवला, ते सगळं भागाबाईनं. आता पोरगी रेल्वेत होती. पार तिकडं, समुद्राच्या काठाला, मुत्यालदिब्बा नावाच्या ठेसनावर. मागच्या हिवाळ्यात तिथं वादळ झालं. एका रात्रीत रुळांखालचा भराव वाहून गेला, खाडीवरच्या पुलाचे दोन गाळे पाण्यात गेले आणि त्या लाईनीवरची गाडी जी बंद पडली ती अजून बंदच होती. पूल पुन्हा उभा करायचं काम पंचशीलाकडं होतं. लग्नासाठी ती शुक्रवारी येणार होती.

रत्नपाल आला, थोरला भाऊ गुंडेराव गोठ्यातून हात पुसत आला, पंचशीलाचा भाऊ, दीपमालाचा नवरा बुद्धरत्न मांडववाल्याला थांबवून आला. दीपमालानं फोन ओट्यावर मधोमध ठेवला आणि आवाज मोठा केला.

"तपासणीची तारीख बदलली," पंचशीला म्हणाली. तिच्या मागं वारा नुसता घोंगावत होता. "मोठे साहेब पुढल्या महिन्यात येणार होते, ते आता ह्याच रविवारी येयलेत. पुलावर इंजिन घालून बघणार. पास झाला तरच लाईन चालू."

"ह्याच रविवारी," रत्नपाल म्हणाला.

"व्हय, अप्पा."

"रविवारी तुझं लगीन हाय."

"म्हणून तर फोन केलाय."

गुंडेरावांनी खाकरून फोनकडं तोंड नेलं, जणू जवळून बोललं तर पोरीला नीट पटेल. "पंचशीला, रेल्वेत दुसरा इंजिनिअर न्हाई का?"

"हायेत की, थोरले अप्पा. पण ह्या पुलाचा पाया कुठं किती खोल गेलाय ते मला ठाऊक. साहेब मलाच विचारणार. आणि ही तारीख हुकली की पाऊस लागतो. पावसात इकडं कुणी येत न्हाई. वर्षभर लाईन बंद राहिली की मग वरचे लोक म्हणतात, एवढे दिवस चाललंच की हिच्याबिगर, मग आता कशाला. इथल्या गावांना दुसरी धड वाट न्हाई. सडक खाडीला वळसा घालून जाते. पोरी कॉलेज सोडून घरी बसल्यात. मी ज्या घरी भाड्यानं राहते तिथली सून बाळंतपणाला होडीतनं गेली. मी बसले होते तिच्यासंगं होडीत."

गुंडेराव फोनपासून मागं सरले.

"मग काय म्हणतीस?" रत्नपालनं विचारलं. "लगीन मोडू?"

"तसं कुठं म्हणलं मी? तुमी सगळे मिळून काय ते ठरवा, मी ऐकते. आता निघते, अप्पा. पाणी मारायचंय."

फोन बंद झाला. मांडववाले लांब उभे राहून इकडंच बघत होते.

"पुढं ढकलायचं," गुंडेराव म्हणाले. "दुसरं काय. महिनाभरानं करू. पाहुण्यांना फोन लावा."

"पुढं ढकलणं काय सोपं हाय का, मोठे मामंजी?" दीपमाला म्हणाली. "नवऱ्या मुलाचे ते औरादचे काका टपूनच बसलेत."

तिचं खरं होतं. नवरा मुलगा सुनीलकुमार बीदरच्या गुरुपादय्यांचा. त्यांचं कापडाचं दुकान, लिंगायतांतलं जुनं घराणं. पोरापोरीनं एकमेकांना पसंत केलं आणि मग दीड वर्ष दोन्ही घरं त्या पसंतीच्या मागं ओढत गेली. गुरुपादय्या राजी झाले, त्यांची बायको शिवम्मा रडून-रडून राजी झाली. पण घराण्यात शेवटचा शब्द चालायचा तो गुरुपादय्यांच्या थोरल्या चुलतभावाचा, गुरुशांतप्पांचा. औरादला त्यांचं खत-बियाणाचं दुकान. रत्नपाल औरादच्या बसडेपोत कंट्रोलर होता तेव्हापासूनची दोघांची ओळख. रस्त्यात भेटले की थांबून बोलणार, पीकपाणी विचारणार. पण इतक्या वर्षांत गुरुशांतप्पा ह्या घराच्या उंबऱ्याच्या आत आले नव्हते आणि इथलं पाणी त्यांनी कधी तोंडाला लावलं नव्हतं. ह्या लग्नाला ते नाही म्हणाले नव्हते. एवढंच म्हणाले होते, "ठरलेल्या तारखेला येतो. तारीख हलली तर मी मोकळा." आणि ते मोकळे झाले तर त्यांच्या मागचं सगळं गणगोत मोकळं होणार, हे न सांगता सगळ्यांना कळलं होतं.

"तिला यायलाच सांगायचं," बुद्धरत्न म्हणाला. "सरळ सांगायचं. नोकरी काय, आज हाय उद्या न्हाई."

"हां. आपल्या लग्नात मी एक दिवसाची सुट्टी मागितली तर तूच म्हणला होतास, बायकांना नोकरीची किंमत न्हाई," दीपमाला म्हणाली.

"आता ते कशाला काढतीस?"

"आठवलं म्हणून काढलं."

रत्नपाल खाटेवर बसला. लेकीची पाठवणी कशी करायची हे त्यानं मनात कितीदा रंगवलं होतं. डेपोतले सगळे जुने ड्रायव्हर-कंडक्टर येणार होते. "मी आयुष्यभर दुसऱ्याच्या गाड्या वेळेवर सोडल्या," तो म्हणाला. "माझ्या घरची एक गाडी वेळेवर सुटंना."

"तू बोलूच नको," भागाबाई म्हणाली. "तुझ्या लग्नात अक्षता टाकायला लोक उभे, आणि नवरदेव कुठाय, तर उदगीरच्या गाडीला ड्रायव्हर मिळंना म्हणून स्टँडवर. पोरगी कुणावर गेली म्हणून विचारतोस व्हय?"

गुंडेराव हसले. रत्नपालही हसला असता, पण त्यानं तोंड फिरवलं.

भागाबाईचं डोकं मात्र दुसरीकडंच चाललं होतं. "बुद्ध्या, ती पाणी कशाला मारायला गेली?"

"काल पुलाच्या गर्डरखाली काँक्रीट टाकलंय म्हणं. ते वाळायला पाहिजे. तवर पुलावर काहीच करता येत न्हाई."

"कधीपतूर?"

"शनिवारपर्यंत."

"म्हंजे आपल्या स्लॅबसारखंच की." भागाबाईनं पदर खोचला. "आपला स्लॅब टाकला तवा गवंडी काय करत होता? पाणी मारायला गड्याला ठेवून गावाला गेला होता. मग ही तिथं बसून काय करायलीय? पाणी मारायला दुसरं माणूस न्हाई का तिच्याकडं?"

सगळे तिच्याकडं बघत राहिले.

"लगीन पुढं कामून न्यायचं?" भागाबाई म्हणाली. "अलीकडं आणा. गुरुवारी लावा. आपल्यात कुठं मुहूर्त बघायचाय? विहार हाय, बौद्धाचार्य गावातच हायेत. ती आज निघाली तर उद्या पोचंल. गुरुवारी लगीन लावून परत जाऊ द्या. काँक्रीट वाळंपर्यंत माघारी पोचती."

"आणि रविवारचं जेवण?" गुंडेरावांनी विचारलं. "आचारी सांगितलाय. माणसं ठिकठिकाणाहून निघणार."

"जेवण रविवारीच. जेवणाला नवरीची काय गरज? ती काय वाढायला येणार होती?"

दीपमाला पहिल्यांदा हसली आणि मग तिच्या बाजूनं झाली. बुद्धरत्न बायकोच्या बाजूनं झाला. गुंडेराव म्हणाले, बीदरची माणसं हो म्हणली तर माझं काही न्हाई. राहिला रत्नपाल. तो उठला, चप्पल घातली आणि म्हणाला, "चल, आक्का. बीदरची गाडी धरू."

*

पाहुणे न कळवता आले तेव्हा शिवम्मा स्वयंपाकघरात ज्वारीची कडक भाकरी डब्यात भरत होती. रविवारी चिंताकीला न्यायला म्हणून तिनं शेजारणींना बसवून ढीगभर भाकरी करून घेतली होती. होणारे व्याही दारात, आणि संगं ती करड्या केसांची आत्या. अशा वेळी न सांगता माणूस येतं ते दोनच कारणांनी, कुणी गेलं म्हणून नाहीतर लगीन मोडलं म्हणून.

पाणी दिलं, चहा ठेवला. रत्नपालनं सगळं सांगितलं, आडपडदा न ठेवता. शिवम्मा दाराच्या चौकटीला धरून ऐकत होती.

गुरुपादय्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "रत्नपालराव, माझं काही म्हणणं न्हाई. आमच्या लिंगायत शरणांच्या मार्गात मुहूर्त नसतो, हे मी प्रत्येक कार्यक्रमात उठून सांगतो. आता माझ्यावर वेळ आली म्हणून न्हाई कसं म्हणू? पण आमच्या गुरुशांतप्पा अण्णाला कसं सांगायचं? ते कामासाठी हैदराबादला गेलेत. रविवारीच थेट येणार."

"फोन लावा की," भागाबाई म्हणाली.

"लावला असता," गुरुपादय्या म्हणाले आणि टोपी पुन्हा डोक्यावर ठेवली.

शिवम्मा नवऱ्याला चांगली ओळखत होती. बाजारात दहा माणसांशी भांडेल, पण अण्णाशी बोलताना ह्याचा आवाज लहान मुलासारखा होतो. तिनं आतल्या खोलीकडं बघून हाक मारली. "सुनील."

सुनीलकुमार बाहेर आला. आयटीआयमध्ये शिकवायचा, उन्हाळ्याची सुट्टी होती. अंगात शर्ट-पँट, आणि खांद्याला बॅग.

"कुठं निघालास?" शिवम्मानं विचारलं.

सुनील रत्नपालकडं बघून अवघडला. "तिनं सकाळी मला फोन केला होता. मी म्हणलं, तुला येता येत न्हाई तर मी येतो. तिकडंच रजिस्टर लग्न करू. तिथली माणसं साक्षीला उभी राहतील म्हणली."

"आणि आम्हाला कधी सांगणार होतास?"

"स्टँडवरनं फोन करणार होतो."

शिवम्मा खाली बसली. सहा महिन्यांपूर्वी ती ह्या लग्नाला नको म्हणत होती. रोज रात्री उशीत तोंड खुपसून रडत होती. शिकलेली म्हणून काय झालं, उन्हातान्हात गड्यांमध्ये फिरणारी पोरगी, आपल्या घरात कशी बसेल. आणि आता तिला दिसलं ते असं, की समुद्राच्या काठाला कुठल्याशा कचेरीत आपल्या पोराच्या गळ्यात हार पडतोय, त्याच्या अंगावर डोळे भरून बघणारं आपलं कुणी नाही, आणि आपण इथं कडक भाकरीचे डबे भरत बसलोय.

"बॅग ठेव खाली," ती म्हणाली.

"अम्मा..."

"ठेव म्हणते. लगीन गुरुवारी व्हईल. चिंताकीत. माझ्या डोळ्यांपुढं."

गुरुपादय्यांनी चमकून बायकोकडं बघितलं. "अगं पण अण्णा काय म्हणतील?"

"काय म्हणायचं ते रविवारी म्हणतील. तवर लगीन झालेलं असंल." शिवम्मा भागाबाईकडं वळली. तिला ह्या बाईशी काय बोलायचं ते कधी सुचत नसे, आज सुचलं. "तुमच्या पोरीचं मला नवल वाटतं, अक्का. परक्या गावांसाठी स्वतःचं लगीन अडवून बसली."

"लहानपणापासनं तशीच हाय. एक काम धरलं की सोडत न्हाई. मी लई मारलं तिला त्याच्यासाठी."

"मग घराला पण तशीच धरंल," शिवम्मा म्हणाली. आणि डोळे पुसून उठली, कारण गुरुवारी नेसायची साडी इस्त्रीला द्यायची होती.

*

बुधवारी हैदराबादच्या बसमधून पंचशीला उतरली तेव्हा बीदरच्या स्टँडवर रत्नपालनं तिला पटकन ओळखलंच नाही. उन्हानं चेहरा रापून काळा झाला होता. पायांत कामावरचे बूट. नखांत सिमेंट.

"अशी आलीस?"

"थेट पुलावरनं बसले, अप्पा. बदलायला वेळच न्हाई मिळाला."

त्याला तिच्यावर रागवायचं होतं. मंगळवारपासून त्यानं वाक्यं तयार करून ठेवली होती. पण तिनं त्याच्या खांद्यावर डोकं टेकलं आणि तशीच उभी राहिली, माणसं धक्के देत बाजूनं जात होती तरी. मग त्यानं फक्त तिची पिशवी घेतली.

गावाकडं जाताना तो हळूच म्हणाला, "पाठवणी करायची होती गं मला. नीट. सगळ्यांपुढं."

"करा की. गुरुवारी करा."

"गुरुवारी कोण असंल? घरचीच माणसं."

"मग घरच्या माणसांपुढं रडा," पंचशीला म्हणाली. "डेपोतल्या लोकांपुढं रडला असता का तुमी? त्यांनी वर्षभर चिडवलं असतं."

हे त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं. वाटेत दोन-तीनदा तो आपल्याशीच हसला.

गुरुवारी सकाळी चिंताकीच्या विहारात जेमतेम विहार भरेल एवढी माणसं होती. मांडवाला अजून कापड नव्हतं, नुसते खांब उभे होते. दीपमालानं पहाटेपासून पंचशीलाची नखं लिंबानं घासून काढली होती. पांढऱ्या साडीत तिचा रापलेला चेहरा जास्तच उठून दिसत होता. शिवम्मा पुढच्या रांगेत बसली होती, मांडीवर मोगऱ्याचे हार. तिला काही कळत नव्हतं कधी उठायचं, कधी हात जोडायचे. तिच्या बाजूला भागाबाई बसली होती. ती हलकेच कोपरानं खुणवायची, आणि शिवम्मा हात जोडायची.

त्रिशरण सुरू व्हायच्या आधी पंचशीलाचा फोन थरथरला. सगळ्यांनी तिच्याकडं बघितलं.

"भीमण्णा हायेत," ती बौद्धाचार्यांना म्हणाली. "पुलावरचे. एकच मिनिट घेऊ का?"

बौद्धाचार्य वयस्कर होते, शांतपणे म्हणाले, "घे बाळ. मन तिकडं ठेवून शील कशाला घेतीस."

पंचशीलानं फोन कानाला लावला, ऐकलं, "गोणपाट ओलं ठेवा, वारं लई हाय" एवढंच म्हणाली आणि फोन भागाबाईकडं दिला. गुरुपादय्या जोरानं हसले आणि मग एकेक करून सगळा विहार हसला. त्याच हसण्यात मंगलाचरण सुरू झालं. नवरा-नवरीनं एकमेकांना वचनं दिली, हार घातले. शिवम्मानं सुनेच्या डोक्यावर हात ठेवला आणि कन्नडमध्ये काहीतरी पुटपुटली. भागाबाईला ते पुरतं कळलं नाही, पण विचारावंसंही वाटलं नाही.

जेवायला वरण-भात, शिरा आणि शिवम्माची कडक भाकरी. संध्याकाळच्या आत निघायला पाहिजे होतं. सुनील म्हणाला, मीही जातो तिच्यासंगं, सुट्टीच हाय. जीप दारात आली तेव्हा रत्नपाल आधी सामान बांधण्यात गुंतला, मग दोर नीट बांधला की नाही ते बघण्यात गुंतला, मग ड्रायव्हरला रस्ता सांगण्यात गुंतला. पंचशीला त्याच्यापुढं येऊन उभी राहिली तेव्हा कुठं त्याचे हात रिकामे झाले. मग तो रडला, घरच्या माणसांपुढं, गुंडेरावांनी पाठीवर हात फिरवला तरी थांबेना इतका. पंचशीलाही रडली. भागाबाई तेवढी कोरडी उभी होती. जीप वळणावर गेल्यावर ती गोठ्यात गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही.

*

रविवारी मांडवाला कापड चढलं, चुली पेटल्या, आणि दुपारच्या उन्हात गुरुशांतप्पांच्या गाड्या आल्या.

भागाबाईनं आधी गुरुपादय्यांच्या चेहऱ्याकडं बघितलं आणि तिला कळलं, ह्या माणसानं अजून सांगितलेलं नाही.

गुरुशांतप्पा उतरले. पांढरं धोतर, कपाळाला विभूती, काठी. त्यांच्या मागं त्यांचं गणगोत, पोरं-बाळं, बायका. त्यांनी मांडवभर नजर फिरवली. माणसं होती, बुंदीचा वास होता, गव्हाच्या खिरीच्या, हुग्गीच्या कढया होत्या, पण नवरा-नवरीला बसायला काही मांडलेलं दिसेना.

"लगीन किती वाजता?" त्यांनी विचारलं.

गुरुपादय्यांनी ओठ ओले केले. बोलली ती शिवम्मा. "भावजी, लगीन गुरुवारीच झालं. पोरं तिकडं गेलीत. सूनबाईच्या पुलाची आज तपासणी हाय."

गुरुशांतप्पा ओरडले नाहीत. ते लिंबाखालच्या खुर्चीवर जाऊन बसले, दोन्ही हात काठीवर. त्यांचे लोक त्यांच्या मागं उभे राहिले. कुणी पंगतीत बसेना. आणि ते बसेनात म्हणून बाकीच्या पाहुण्यांनाही बसणं जड झालं. आचारी झारा हातात धरून गुंडेरावांकडं बघत होता, गुंडेराव रत्नपालकडं, आणि रत्नपाल हातातल्या फोनकडं. तिकडून अजून काही कळलं नव्हतं. सकाळी सुनीलनं एवढंच सांगितलं होतं की साहेब आले, इंजिन तयार हाय. त्यानंतर फोन नाही.

भागाबाईनं एक खुर्ची उचलली आणि गुरुशांतप्पांच्या शेजारी ठेवून बसली. मांडवात कुणीतरी श्वास आत घेतला.

"राग आला असंल, अण्णा," ती म्हणाली.

"राग कसला? मला कुणी विचारलं न्हाई, सांगितलं न्हाई. मी म्हणलो होतो तारीख हलली की मी मोकळा. तरी आलो हाय, कारण मला ठाऊकच नव्हतं." त्यांनी काठीनं मातीत रेघ ओढली. "नवरा न्हाई, नवरी न्हाई. मग हे जेवण कशाचं, भागाबाई?"

"लग्नाचंच."

"लगीन मी बघितलं न्हाई."

"पूल आम्ही कुणी बघितला न्हाई, अण्णा. तरी सकाळपासनं त्याच्यासाठी घशाखाली घास उतरंना झालाय. रत्नपालकडं बघा."

गुरुशांतप्पांनी बघितलं. रत्नपाल मांडवाच्या खांबांमधून येरझाऱ्या घालत होता, लांब पल्ल्याची गाडी आली नाही की डेपोत घालायचा तशा.

"काय झालं काय त्या पुलाला?" त्यांनी विचारलं.

भागाबाईनं सांगितलं. वादळ, भराव, बंद पडलेली लाईन, घरी बसलेल्या पोरी, होडीतलं बाळंतपण. गुरुशांतप्पा मान न हलवता ऐकत होते. मागं उभी असलेली त्यांची नात पुढं सरकली आणि तिनं विचारलं, "होडीतच झालं का बाळ?" भागाबाई म्हणाली, "न्हाई, दवाखान्यात पोचल्यावर. पोरगी झाली." नात आपल्या आजोबांच्या खुर्चीला टेकून उभी राहिली. तिला पुढचं ऐकायचं होतं.

तेवढ्यात रत्नपालचा फोन वाजला.

त्यानं फोन कानाला दाबून धरला. एक हात वर केला, म्हणजे कुणी बोलू नये. "व्हय... व्हय... थांबलं? मधेच? कामून?" मांडव हलेना. "मागं घेतलं? मग?" मग तो नुसता ऐकत राहिला. त्याचा खालचा ओठ हलायला लागला, आणि भागाबाई खुर्चीवरून उठली.

रत्नपाल मंडपवाल्याच्या माईककडं गेला. तो हातात घेतला, दोनदा फुंकर मारली आणि औरादच्या स्टँडवर तीस वर्षं लावला तोच आवाज लावला.

"प्रवाशांनी इकडं लक्ष द्यावं."

मांडवात हशा उसळला. डेपोतले जुने लोक टाळ्या वाजवायला लागले. रत्नपालनं ते ओसरायची वाट बघितली.

"मुत्यालदिब्बाच्या पुलावरनं इंजिन पलीकडं गेलेलं हाय. साहेबांनी ते मधे थांबवलं, मागं घेतलं, पुन्हा पुढं घातलं. पूल जागचा हलला न्हाई. लाईन ह्याच आठवड्यात चालू व्हणार." मग त्याचा आवाज स्टँडवरचा राहिला नाही. "सुनीलकुमार सांगायलेत की दोन्ही काठांवर माणूस मावंना. आणि आमची पंचशीला इंजिनात पुढं बसून पलीकडं गेली."

शिवम्मानं दोन्ही हात तोंडावर धरले. दीपमाला बुद्धरत्नला म्हणाली, "नोकरी काय, आज हाय उद्या न्हाई, व्हय ना?" आणि बुद्धरत्न म्हणाला, "बस की आता." गुरुपादय्या चुलतभावाकडं बघायचं धाडस करत नव्हते, ते मांडवाच्या कापडाकडं बघत राहिले.

गुरुशांतप्पा काठीवर हात ठेवून तसेच बसले होते.

"हिवाळ्यापासनं बंद होती म्हणालात," ते शेवटी भागाबाईला म्हणाले.

"व्हय, अण्णा."

"आणि आपल्या सुनंनं चालू केली."

भागाबाईनं ते ऐकलं. बोलली काही नाही. बोललं असतं तर तो 'आपल्या' शब्द त्यांनी परत घेतला असता.

गुरुशांतप्पा काठीचा आधार घेत उठले. नातीनं हात धरला. त्यांनी एकदा पंगतीकडं बघितलं, एकदा चुलीवरच्या कढयांकडं, आणि घसा साफ करून विचारलं, "हात कुठं धुवायचे?"

भागाबाई रांजणापाशी गेली. तांब्या बुडवला, भरला, आणि त्यांच्यापुढं उभी राहिली. ह्याच तालुक्यात, त्यांच्या वडिलांच्या ओट्याखाली, लहानपणी तिनं ओंजळ धरली होती आणि वरून पाणी पडलं होतं. आज गुरुशांतप्पांनी ओंजळ धरली. तिनं अलगद धार सोडली. त्यांनी हात धुतले, मग ओंजळ तशीच पुढं ठेवली. भागाबाईला क्षणभर कळलं नाही. मग तिनं पुन्हा पाणी ओतलं, आणि ते प्याले.

त्यांच्या मागं उभी असलेली माणसं पंगतीत जागा बघायला लागली.